जबडे दोन, तोंड नाही

मी एक जुने ताणयंत्र आहे आणि लोकांनी मेहनतीने चिकटवलेल्या वस्तू ओढून तोडणे हा माझा धंदा आहे. मित्रांनो, जगात बहुतेक जण काहीतरी जोडून पोट भरतात. शिंपी बाही जोडतो, सुतार खुर्चीला पाय जोडतो. मी तोडते. तरीही मला कधी कोणी रागावले नाही. उलट वस्तू तुटली की समोरचा माणूस मान डोलावतो आणि "ठीक आहे, पुढचं आणा" म्हणतो. घरात कप फोडणाऱ्या मुलाला असा मान मिळत नाही, याची मला कल्पना आहे.

आधी माझ्या अंगाची ओळख करून देते. माझी उंची मध्यम माणसाएवढी आणि रंग हिरवा, निदान एके काळी होता. मला दोन जबडे आहेत, एक वर आणि एक खाली. वस्तूचे एक टोक खालच्या जबड्यात आवळायचे, दुसरे वरच्या जबड्यात, आणि बाजूचे चाक फिरवायचे. वरचा जबडा हळूहळू वर जातो. वस्तू आधी ताणली जाते, मग कुरकुरते आणि शेवटी तुटते. माझ्या छातीवर एक मोठी तबकडी आहे. तिच्यावर दोन काटे आहेत, काळा आणि लाल. जोर वाढेल तसा काळा काटा पुढे सरकतो आणि लाल काट्याला ढकलत नेतो. वस्तू तुटली की काळा काटा शून्यावर पळून येतो. लाल काटा मात्र जिथवर गेला तिथेच उभा राहतो आणि वस्तूने किती दम धरला होता ते साऱ्या जगाला सांगत बसतो.

दोन जबडे असूनही मला तोंड नाही. लहानपणी याचे मला काही वाटले नाही. पुढे फार वाटले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या डाव्या हाताला वजनकाटा जन्मला आणि उजव्या हाताला पाण्याचा पंप. पंप जन्मापासून बडबड्या होता, आणि वजनकाट्याला येणाऱ्या-जाणाऱ्याचे वजन बघायची वाईट खोड होती. मी मधले, शांत मूल. जन्मल्यावर मला एक लोखंडी सळई ओढायला दिली. मी ती तोडली. सगळे खूश झाले. बारसे म्हणाल तर एवढेच.

पहिली नोकरी बुटांच्या कारखान्यात लागली. बुटाचा तळ वरच्या चामड्यापासून ओढून काढायचा आणि तो किती जोराने सुटला ते सांगायचे, हे माझे काम. माझा लाल काटा पुरेसा पुढे गेला नाही की बुटांनी भरलेल्या गाड्या दारातच थांबवत. तळाला डिंक लावणाऱ्या बायकांमध्ये एक वयस्क बाई होत्या, त्यांना सगळे वहिनी म्हणत. वहिनींचा हात सफाईचा होता, पण डिंक लावण्याआधी त्या तळावर एक बारीकशी फुंकर घालत. मुकादम दर वेळी म्हणे, "वहिनी, फुंकू नका. तोंडातली वाफ बसते, मग तळ सुटतो."

"मी कुठे फुंकते?" वहिनी म्हणत आणि लगेच पुढच्या तळावर फुंकत.

वहिनींनी फुंकलेले बूट माझ्या जबड्यात आले की भांडण न करता सुटत. ही गोष्ट मी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली. यंत्राच्या मनाचे कोपरे काटकोनी असतात, त्यामुळे तिथे ठेवलेले हलत नाही.

मग एक नवे यंत्र आले. त्याला काच होती, काचेवर हिरवे आकडे उमटत आणि काम झाले की ते शीळ घाली. मला सामानाच्या खोलीत नेऊन उभे केले. माझ्या वरच्या जबड्याला लोकांनी छत्र्या अडकवल्या. खालच्या जबड्यावर एका मांजरीने पिल्ले घातली. पिल्लांना मी फार आवडे, कारण मी हलत नसे. काही दिवसांनी आलेली नवी माणसे मला खांब म्हणू लागली. मित्रांनो, ज्याने आयुष्यभर इतरांचा दम मोजला त्याला खांब म्हटले की कसे वाटते, हे मला विचारू नका. तसेही मी सांगू शकले नसते.

एके दिवशी एक उंच, हडकुळे गृहस्थ त्या खोलीत आले. त्यांनी छत्र्या उतरवल्या, माझे चाक फिरवले, काट्याकडे बघितले आणि काहीतरी पुटपुटले. कोणालाच कळले नाही. तेव्हा त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी काढली, तोंडात बसवली आणि स्पष्ट म्हणाले, "हे चालेल."

हे मोडकाका. दातांचे डॉक्टर घडवणाऱ्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळा सांभाळत. डॉक्टरांनी चिकटवलेले मोडून बघायचे काम त्यांच्याकडे असल्याने शिकणाऱ्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवले होते आणि त्यांनी ते मनावर न घेता वापरायला घेतले होते. स्वतःचा एकही दात नसलेला माणूस दातांच्या प्रयोगशाळेत काय करतो, असे कोणी विचारले तर ते म्हणत, "मला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही."

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, कोपऱ्यात नळ, नळाखाली कायम ओली फरशी, आणि खिडकीजवळ मी. टेबलावर पाण्याने भरलेल्या बरण्या होत्या आणि बरण्यांत लहान मुलांचे दुधाचे दात होते. काही आपोआप पडलेले, काही काढावे लागलेले, सगळे आईवडिलांना विचारून घेतलेले. दात कायम ओले ठेवायचे, कारण सुकलेला दात खऱ्या दातासारखा वागत नाही.

पहिल्या दिवशी मी दणकट बुटाची वाट बघत होते. मोडकाकांनी माझ्या खालच्या जबड्यात एक गुलाबी प्लास्टिकचा ठोकळा आवळला. ठोकळ्यातून एक दुधाची दाढ डोके वर काढून बसली होती, शर्टाच्या बटणाएवढी. दाढेवर दाताच्याच रंगाच्या सिमेंटचा एक छोटा खुंट चिकटवला होता. त्या खुंटाला बारीक तारेचा फास घातला आणि तारेचे टोक माझ्या वरच्या जबड्यात दिले. मला वाटले माझी चेष्टा चालली आहे. मोडकाकांनी चाक फिरवले. मी ओढले. खुंट सुटेना. मी आणखी ओढले. बटणाएवढी ती दाढ माझ्याशी अशी भांडली की मला बुटांचे सारे कूळ आठवले. शेवटी खुंट टप्पकन उडून मोडकाकांच्या चहात पडला. त्यांनी तो चमच्याने काढला, बशीत ठेवला आणि चहा संपवला.

तेव्हापासून मी दुधाच्या दातांना कमी लेखले नाही.

आता मी दातमावशीबद्दल सांगते. त्या मुलांच्या दातांच्या डॉक्टर. सकाळी खालच्या मजल्यावर मुलांचे दात बघत आणि दुपारी वर येऊन आमच्याबरोबर प्रयोग करत. मुले त्यांना दातमावशी म्हणत, मग मोठेही म्हणू लागले. एकदा मोडकाकांनी त्यांना विचारले, "पडणारच आहेत हे दात. भरायचे कशाला?"

"तुम्ही कवळी पण रात्री काढूनच ठेवणार असता," दातमावशी म्हणाल्या. "मग सकाळी घालता कशाला?"

मोडकाकांनी थोडा विचार केला. "जेवायला."

"मुलंही जेवतात, काका. मागच्या दुधाच्या दाढा चांगल्या दहा-अकरा वर्षांच्या वयापर्यंत राहतात. आणि त्या खालून येणाऱ्या दाताची जागा धरून बसलेल्या असतात. लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकून जागा बळकावतात."

दुधाची दाढ जागा धरून बसते, हे ऐकून मला ती एकदम जवळची वाटली. सामानाच्या खोलीत मीही तेवढेच केले होते.

दातमावशींचा प्रयोग असा होता. किडलेला दात भरायचा तर आधी कीड काढावी लागते. ती ड्रिलने काढतात. ड्रिल चांगली असते, पण तिचा आवाज मुलांच्या डोक्यात शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. दुसरा उपाय जेलचा. कच्च्या पपईच्या चिकातला एक गुण या जेलमध्ये असतो. ती किडलेल्या भागावर लावून थोडे थांबायचे, किडलेला भाग मऊ होतो, चांगला दात जसाच्या तसा राहतो. मग बोथट कडेच्या छोट्या चमच्याने हलकेच खरवडायचे. जेल गढूळ झाली की पुसून नवी लावायची. नवी लावलेली स्वच्छ राहिली की कीड निघाली असे समजायचे. आवाज नाही, आणि सहसा सुईही लागत नाही. फार खोल गेलेल्या किडीला हा उपाय पुरत नाही, पण पुष्कळ मुलांना पुरतो.

प्रश्न पुढचा होता. जेलने साफ केलेल्या दाताला नंतर भरलेले सिमेंट नीट धरते का? का जेलचा काही अंश मागे राहून ते सुटते? "एकदा भरलेलं पडलं की ते मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही," दातमावशी म्हणत. म्हणून त्यांनी किडलेल्या दातांचे दोन गट केले. एक ड्रिलने साफ करायचा, एक जेलने. दोन्हींवर त्यांनी स्वतःच्या हातांनी एकाच प्रकारचे सिमेंट लावायचे, निळ्या दिव्याखाली घट्ट करायचे, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचे आणि सकाळी माझ्या हवाली करायचे.

या प्रयोगात माझ्यासाठी फक्त आकडे होते, पण दातमावशींसाठी एक मुलगी होती. त्यांची स्वतःची. तिचे समोरचे वरचे दोन दात पडले होते, म्हणून सगळे तिला खिडकी म्हणत. खिडकीची खालची एक दाढ किडली होती. आईने ड्रिल हातात घेतली, ती सुरू झाली, आणि खिडकीने आईचे बोट चावले.

"बघू," मोडकाका म्हणाले. दातमावशींनी बोट दाखवले. मोडकाकांनी चष्मा लावून बारकाईने पाहिले. "खालचे दात चांगले मजबूत आहेत तिचे."

"काका, दातांच्या डॉक्टरची मुलगी आणि दाढ किडलेली. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. पण त्या दिवसापासून ती माझ्यासमोर तोंडच उघडत नाही. जेवते ती पाठ करून. बोलते ती ओठ मिटून. मी तिला शब्द दिलाय, जेलने भरलेलं टिकतं असं दिसलं तर तुझ्या तोंडात आवाज करणार नाही. आणि नाही टिकलं तर ड्रिल."

"मग यंत्राला सांगून ठेवू का, जरा सांभाळून घे म्हणून?"

"नको. खरं सांगू दे त्याला."

मित्रांनो, इतक्या विश्वासाने माझ्याबद्दल कोणी बोलले नव्हते. मी त्या दिवशी अंगावरची धूळही सरळ रेषेत बसवून घेतली.

काम सुरू झाले. ड्रिलवाले दात शूर निघाले. लाल काटा तबकडीच्या वरच्या अर्ध्या भागात जाऊन उभा राही. जेलवाले दात मात्र लवकर हरत. एक, दोन, मग ओळीने सगळे. खुंट असे सुटत की मला वहिनींच्या बुटांची आठवण झाली. आठवण झाली आणि मी दचकले. कारण वहिनींच्या बुटांना मी उगाच आठवत नाही.

मी टेबलाकडे नीट लक्ष देऊ लागले. आणि मला दिसले.

ड्रिल चालवताना दातमावशी गप्प असत. पायाखाली कळ दाबलेली, कानात तो आवाज, आणि खाली दवाखान्यात इतक्या वर्षांत त्यांना कळून चुकले होते की ड्रिल चालू असताना कोणतेही मूल बोलणे ऐकत नाही. म्हणून त्या बोलत नसत. पण जेलचे काम शांततेत चाले. त्या वाकून, हळू हातांनी खरवडत. खोलीत काही आवाज नसे. आणि मग त्यांचे तोंड त्यांना न विचारता खालच्या मजल्यावर निघून जाई. मास्क हनुवटीवर घसरलेला असे आणि त्या पुटपुटत, "झालं हं राजा, झालं. संपलंच." दात धुऊन, अलगद टिपून, सिमेंटआधीचा चिकट थर लावण्याच्या नेमक्या आधी त्या त्याच्यावर एक मऊ फुंकर घालत.

गुलाबी प्लास्टिकमध्ये पुरलेल्या, कोणाच्याही तोंडात नसलेल्या, केव्हाच पडून गेलेल्या दाताला त्या फुंकर घालत होत्या. दुखू नये म्हणून.

मला सगळे कळले होते आणि मला तोंड नव्हते. जेलचा काही दोष नव्हता. श्वासातली वाफ बसत होती. मुकादम असता तर जिन्यावरूनच ओरडला असता. मी माझ्या परीने प्रयत्न केला. जेलच्या पुढच्या दाताला ओढताना मी सगळे अंग थरथरवले. मोडकाकांनी चाक थांबवले, माझ्या कुशीवर कान लावला आणि म्हणाले, "पोट बिघडलंय याचं." त्यांनी मला तेल पाजले. दुसऱ्या दिवशी मी काळा काटा अडवून धरला. त्यांनी आणखी तेल पाजले. तिसऱ्या प्रयत्नाची माझी छाती झाली नाही, कारण तेलाची बाटली टेबलावरच होती.

काटा खोटा लावता आला असता का? मनात आले नाही असे नाही. पण मग ज्या दिवशी एखाद्या मुलाच्या तोंडातून खरोखर भरलेले गळून पडले असते, त्या दिवशी माझ्यात आणि खांबात काय फरक उरला असता?

एका दुपारी दातमावशी खिडकीला हाताला धरून वर घेऊन आल्या. खिडकीने एक तळहात गालावर दाबून धरला होता. ती स्टुलावर बसली आणि बरण्यांकडे बघू लागली.

"काल झोपली नाही," दातमावशी मोडकाकांना म्हणाल्या. मग तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "ऐक. उद्या सकाळी आपण दाढ भरून टाकू. ड्रिलने."

खिडकी ओठ मिटूनच म्हणाली, "तू म्हणाली होतीस आवाज नाही करणार."

"म्हणाले होते. पण जेलने केलेलं टिकत नाहीये गं. हे काकांचं यंत्र बघ. ते खोटं बोलत नाही."

खिडकीने माझ्याकडे पाहिले. आयुष्यात माझी इतकी स्तुती झाली नव्हती आणि कोणी माझ्याकडे इतक्या रागाने बघितले नव्हते. दोन्ही एकदमच झाले.

"बस इथे. एवढा एक दात करते, मग घरी जाऊ," दातमावशी म्हणाल्या आणि कामाला लागल्या. जेलच्या गटातला तो शेवटून दुसरा-तिसरा दात असावा. त्यांनी जेल लावली, थांबल्या, खरवडले, पुसले, पुन्हा लावली. खिडकी मान लांब करून बघत होती. मोडकाका रुमालाने कवळी पुसत होते. दात धुऊन झाला, टिपून झाला. दातमावशी खाली वाकल्या.

"झालं हं राजा," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी फुंकर घातली.

"राजा कोण?" खिडकीने विचारले.

"काय?"

"तू आत्ता म्हणालीस, झालं हं राजा. तो दात राजा आहे?"

"मी म्हणाले?"

"आणि फुंकर पण घातलीस. त्याला दुखतंय का?"

दातमावशींचा हात जागीच थांबला. "मी नाही घातली फुंकर."

"घातलीस."

दातमावशींनी मोडकाकांकडे पाहिले. मोडकाकांनी घाईने कवळी तोंडात बसवली, कारण प्रश्न महत्त्वाचा होता. "घालता की," ते म्हणाले. "सगळ्यांना घालता."

"ड्रिलवाल्यांना पण?"

"छे. तिथे तुम्ही गप्प असता. फक्त जेलवाल्यांना. मला वाटलं जेलची तशी पद्धत असते."

"काका, मग मला बोलला का नाहीत?"

"डॉक्टर मंत्र म्हणत असतील तर आपण मध्ये कशाला बोला."

दातमावशींनी चेहऱ्याला हात लावला. मास्क हनुवटीवर होता. त्यांनी तो पूर्ण हाताने चाचपून बघितला, जणू दुसऱ्याच कोणाची हनुवटी आहे. मग त्या स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसल्या, ओल्या फरशीवर. मग हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. खिडकीला काय करावे कळेना, म्हणून तिने आईच्या डोक्यावर एक फुंकर घातली.

"सगळं पहिल्यापासून," दातमावशी उठत म्हणाल्या. "काका, बरणीत दात उरलेत ना? दोन्ही गट परत करायचे. आधीचं काही धरायचं नाही." मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "दुखायचं थांबवायला औषध देते. थोडे दिवस कळ काढशील?"

खिडकीने विचार केला. "काढेन. पण तू परत फुंकशील."

"नाही फुंकणार."

"तुला कळत नाही तू फुंकतेस ते," खिडकी म्हणाली. "मी बघत बसणार."

आणि ती बसली. शाळा सुटली की वर येई, स्टूल ओढून आईच्या डाव्या हाताला चिकटवून बसे. ड्रिलच्या वेळी दोन्ही कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करी. पण जेलचा दात धुऊन टिपून झाला आणि आई खाली वाकू लागली, की मास्कवरून आईच्या तोंडावर आपला तळहात घट्ट दाबून धरी. मित्रांनो, ज्या मुलीचे तोंड उघडावे म्हणून आईने इतके दिवस विनवण्या केल्या, तीच आता आईचे तोंड बंद करून बसली होती. तळहाताखालून "मंमं हं मामा" असे काहीतरी येई. फुंकर मात्र आत राही.

दात रात्रभर कोमट पाण्यात राहिले. सकाळी मोडकाकांनी ते एकेक करून माझ्यापुढे मांडले. आधी ड्रिलवाले. ते पहिल्यासारखेच शूर निघाले. मग जेलचा पहिला ठोकळा माझ्या जबड्यात आवळला गेला. खिडकी माझ्या तबकडीला नाक लावून उभी होती. तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती.

मोडकाकांनी चाक फिरवले. मी ओढू लागले. माझ्या आयुष्यात प्रथमच मला हरावेसे वाटत होते. पण मी ठरवले होते की अंगातला सगळा जोर लावायचा, कारण लुटुपुटीची कुस्ती खेळून दिलेला शब्द या मुलीच्या काय कामाचा? काळा काटा सरकला. आधी जिथे खुंट सुटत ती जागा आली. खुंट सुटला नाही. काटा आणखी वर गेला. तार सतारीसारखी ताठ झाली. दातमावशींनी डोळे मिटले.

"आई, बघ ना," खिडकी म्हणाली.

"तू बघ. मला सांग."

कट्टकन आवाज झाला. काळा काटा परत पळाला. लाल काटा ड्रिलवाल्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता.

"सुटला?" दातमावशींनी विचारले.

मोडकाकांनी ठोकळा काढून उजेडात धरला. "सिमेंट नाही सुटलं. दाढेचाच टवका उडालाय. सिमेंट त्या टवक्याला धरून बसलंय अजून."

पुढचे दात कोणी थोडे खाली, कोणी थोडे वर राहिले, पण दोन्ही गट खांद्याला खांदा लावून उभे होते. एका प्रयोगशाळेतल्या एका यंत्राने सांगितले म्हणून जग बदलत नाही, हे दातमावशींनाही ठाऊक होते. त्यांनी मोडकाकांना तसे सांगितलेही. पण दिलेला शब्द पाळायला त्यांना तेवढे पुरले.

खिडकीची दाढ खाली दवाखान्यात भरली गेली. मला जिना उतरता येत नाही. त्यामुळे काय झाले ते मला दुसऱ्या दिवशी खुद्द खिडकीनेच सांगितले. ती धावत वर आली, माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने इतके मोठे तोंड उघडले की मला तिच्या पडजिभेपर्यंतचे दिसले.

"दिसली? ही बघ. पांढरी आहे ती," ती म्हणाली. "जेलला काहीच चव नव्हती. मग आईने चमच्याने खरवडलं. थोडं कुरकुर वाजलं, पण ते बिस्किट खाताना पण वाजतं. आई एक शब्द बोलली नाही. मला वाटलं रागावली. मग तो निळा दिवा लावला, बंद केला, आणि मग ना, एवढी मोठी फुंकर घातली की माझे केस उडाले."

"आधीची साठलेली असेल," मोडकाका म्हणाले.

त्यानंतर आणखी काही वर्षे मी दात ओढले. खिडकीच्या समोरच्या दातांची जागा भरली, पण नाव तेच राहिले. मोडकाका निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या कुशीवर थोपटले आणि शेवटचे तेल पाजले. मग अर्थातच एक नवे यंत्र आले. त्याला काच आहे, काचेवर आकडे उमटतात आणि तेही शीळ घालते. मला भिंतीकडे सरकवले गेले. कोणीतरी माझ्या वरच्या जबड्याला डॉक्टरांचा पांढरा कोट अडकवला, आणि मला सामानाच्या खोलीचा वास येऊ लागला.

अशाच एका दुपारी एक उंच झालेली मुलगी आत आली. तिने तो कोट काढून खुर्चीवर टाकला. मुठीतून एक वस्तू काढली आणि माझ्यापुढे धरली. ती एक दुधाची दाढ होती. सकाळी आपोआप पडलेली, मुळे झिजून गेलेली, आणि डोक्यावर दातमावशींनी भरलेले ते सिमेंट जसेच्या तसे.

दातमावशी दारात उभ्या होत्या. आता त्यांना चष्मा होता. "बघायचं का ओढून?" त्या म्हणाल्या. "तोंडात एवढी वर्षं राहिलेलं किती धरून बसलंय, ते कळेल तरी."

मी खरे सांगते, मला भीती वाटली. ओढले असते तर मी पूर्ण जोर लावला असता. मला दुसरे येतच नाही.

खिडकीने दाढ माझ्या खालच्या जबड्यात ठेवली. वरचा जबडा हाताने हळूहळू खाली आणला, दाढ दोघांच्या मध्ये अलगद धरली जाईल एवढाच. मग चाक घट्ट केले, पण उलट्या बाजूला. ओढायच्या नाही, धरायच्या.

"यंत्राला एकही दात नव्हता," ती म्हणाली. "राहू दे."

दातमावशी दारातून आत आल्या. जवळ आल्या, चष्मा वर केला, दाढ नीट बसली आहे ना ते बघितले आणि सवयीने, स्वतःला न कळता, तिच्यावर एक फुंकर घातली. या वेळी कोणीही त्यांच्या तोंडावर हात ठेवला नाही.

तेव्हापासून माझ्या जबड्यात एक दात आहे. माझ्यावर कोट अडकवणे बंद झाले आहे, कारण आत येणारा प्रत्येक जण विचारतो की हे काय, आणि कोणी ना कोणी सांगत बसते. जन्मभर मी सुटेपर्यंत ओढत राहिले. म्हातारपणी मला न सोडता धरून ठेवायचे काम मिळाले आहे आणि ते जास्त अवघड आहे, कारण त्यात तुटल्यावर मिळणारी विश्रांती नाही.

मित्रांनो, एवढीच विनंती करते. पडणारच आहे म्हणून दुधाच्या दाताकडे दुर्लक्ष करू नका, तो कोणाची तरी जागा धरून बसलेला असतो. रात्री झोपताना गालात गोड गोळी ठेवू नका, ब्रश तेवढा करा. जुन्या यंत्राला छत्री अडकवण्याआधी एकदा त्याचे चाक फिरवून बघा. आणि कोणाला दुखत असेल तर फुंकर अवश्य घाला. फक्त सिमेंट बसेपर्यंत थांबा.